मावशींच्या शेंगा आणि यादीतलं ‘किरकोळ’

सकाळी आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, ग्रुपवर कापणीच्या सणाची, म्हणजे कोणी किती दिलं त्याची, यादी पडली. वर ठळक अक्षरांत दहा हजारांच्या पुढचे, मग पाचवाले, मग हजारवाले. नाव, रक्कम, जोडलेले हात. सगळ्यात तळाला एकच ओळ : किरकोळ. आणि त्याखाली धडाधड आमेन, आमेन, आमेन. चहा तसाच राहिला माझा.

त्या ‘किरकोळ’मध्ये आमच्या मावशी आहेत. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, चार घरची धुणीभांडी करतात. दारातल्या शेवग्याच्या शेंगा सुतळीने नीट बांधून, ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन आल्या होत्या. सणाला आणलेल्या वस्तूंचा लिलाव करणाऱ्या भाऊंनी जुडी वर धरली आणि म्हणाले, “बोला, कोणाला आमटी करायचीय? दहा रुपये!” सगळे हसले. बोली काही चढेना, म्हणून शेंगा लिंबं-कोथिंबिरीच्या ढिगात टाकून सगळं एकदम पन्नासला काढलं. त्यानंतर आला केक. बेकरीतला, चॉकलेटचा. (हा कुठल्या शेतातून कापून आणला, देव जाणे.) आणणारे मोठे बिल्डर, बोली लावणारे त्यांचेच मेहुणे. अकरा हजार! हार काय, फोटो काय, पाळकसाहेबांची (पाद्रींची) खास प्रार्थना काय. आणि मावशी टाळ्या वाजवत होत्या. मनापासून.

त्याच उपासनेत वाचन काय होतं? बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा 12वा अध्याय. मंदिराच्या भांडारात गरीब विधवेने टाकलेल्या दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी. उपदेशही त्यावरच झाला, की बघा, तिने सगळं दिलं, तुम्ही किती देता?

अहो, पण जरा वरून वाचा ना! दोन टोल्यांच्या आधी प्रभू येशू काय म्हणतो? शास्त्र्यांपासून सांभाळा. त्यांना लांब झगे हवेत, बाजारात नमस्कार हवेत, सभास्थानात पुढच्या जागा हव्यात, आणि ते विधवांची घरं खातात. हे झाल्यावर ती विधवा येते. आणि तिच्यानंतर, तेराव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच, एक शिष्य मंदिराचे मोठमोठे दगड दाखवून कौतुक करतो, तर प्रभू म्हणतो, दगडावर दगड राहणार नाही. आपण मधल्या चार ओळी तेवढ्या उचलतो, आणि त्याही बिल्डिंग फंडासाठी. वरचंही वाचायचं नाही, खालचंही नाही. कारण वर आपण आहोत, खालीही आपणच आहोत.

आता कोणीतरी म्हणेल, प्रभूही भांडारासमोर बसून कोण किती टाकतं ते बघतच होता की. होता. पण शिष्यांना जवळ बोलावून दाखवली कोण? जिचं नाव कुठल्याच यादीत आलं नसतं ती.

बरं, मान्य. छप्पर गळतंय. पाळकांचा पगार वेळेवर व्हायला हवा. हिशेब उघडा हवा हेही मान्य. मग पावत्या द्या, वार्षिक सभेत ताळेबंद वाचा, कोण नको म्हणतंय? पण हिशेब वेगळा आणि उतरंड वेगळी. उजव्या हाताने दिलेलं दान डाव्या हाताला कळू नये म्हणणाऱ्या प्रभूची मंडळी आपण, आणि आपण अख्ख्या ग्रुपला कळवतो, तेही उतरत्या क्रमाने!

बर्णबाने शेत विकून पैसे प्रेषितांच्या पायाशी ठेवले आणि त्याचं नाव लिहून ठेवलंय, असं मला एकांनी फोनवर ऐकवलं. बरोबर आहे, बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय चार. पान उलटा. पाचव्यात हनन्या आणि त्याची बायको सप्पीरा आहेत. नाव बर्णबासारखं हवं होतं, पैसे मात्र थोडे मागे ठेवायचे होते. दोघंही कोसळून मेली, हे संडे स्कूलच्या पोरांनाही पाठ आहे.

पुढे ठेवलेल्या दोन सोफ्यांबद्दल तर बोलायलाच नको. सोन्याची अंगठीवाला आला की “इथे बसा”, गरीब आला की “तिथे उभा राहा”. याकोबाने आपल्या पत्राचा दुसरा अध्याय आमच्याच देवळाच्या (चर्चच्या) मागच्या बाकावर बसून लिहिलाय जणू.

मला राग केकचा नाहीये. आपल्याकडे हे व्हावं याचा आहे. 1831 मध्ये अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं. त्यानंतर आपल्यातल्या बहुतेकांचे आजे-पणजे ह्या वाटेला लागले, ते गावकुसाबाहेरून. वरून टाकलेली भाकर ओंजळीत झेलणारी माणसं ती. देवळात सगळ्यांबरोबर एका सतरंजीवर बसायला मिळालं, त्याची त्यांना केवढी अपूर्वाई होती, हे माझी आजी मरेपर्यंत सांगायची. त्यांच्या नातवंडांनी पुन्हा वरचे आणि किरकोळ असे ढीग लावावेत?

आणि कापणीचा सण म्हणजे मुळात काय? बायबलमधलं लेवीय 19 काढा. शेताच्या कडेचं पीक कापू नका, सरवा (कापताना गळून मागे राहिलेलं) वेचू नका, ते गरिबाला आणि परक्याला ठेवा. बायबलमधली गरीब, परकी विधवा रूथ बवाजाच्या शेतात सरवाच वेचत होती ना? आपल्या नगरकडच्या बायकांना सरवा सांगायला लागत नाही. मग आपल्या सणात सरवा कुठे असतो? लिलावानंतर एक तरी पिशवी मावशींसारख्या कोणाच्या घरी गेली का? केकचे तुकडे वाटले म्हणे. मागच्या बाकापर्यंत आले नाहीत.

मिझोराममध्ये 1910 पासून बायका स्वयंपाक करताना मूठभर तांदूळ देवासाठी बाजूला काढतात. मंडळी तो गोळा करते, विकते आणि त्यातून सेवा चालवते. पोत्यात पडल्यावर कोणाची मूठ कुठली ते कोणाला सांगता येईल? आपल्याला असं काही का सुचू नये?

लिलाव करणारे भाऊ वाईट नाहीत हो. आजारपणात पहिले धावून येणारे तेच. चेष्टा त्यांनी सवयीने केली आणि आपण सवयीने हसलो. म्हणून त्यांना एकट्याला धरत नाही मी.

शनिवारी पंचांची मीटिंग आहे. मी तीन गोष्टी मांडणार आहे. नावं आणि रकमा ग्रुपवर टाकायच्या नाहीत, सोफे काढायचे, आणि पुढच्या वर्षी लिलावाआधी निम्मा माल गरजू घरांसाठी वेगळा ठेवायचा. पटत असेल तर इथे अंगठा देऊन गप्प बसू नका, शनिवारी सहाला देवळात या. केकवाल्यांनाही निमंत्रण आहे.