गॅलरीतलं पॅनेल बर्लिनचं, गच्ची पुण्याची

कठड्याला दोन सोलर पॅनेल टांगायची, त्यांची वायर घरातल्या साध्या सॉकेटमध्ये खोचायची आणि झालं, बिल उतरलं. जर्मनीतल्या या ‘बाल्कोनक्राफ्टवेर्क’चे व्हिडिओ पुण्या-मुंबईच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर फिरतात आणि त्यांच्याखाली एकच प्रश्न असतो: तिकडे चालतं, मग आपल्याकडे का नाही? प्रश्न रास्त आहे. छतावर सोलर बसवायला केंद्र सरकार सूर्यघर योजनेतून देतं ते अनुदान बंगलेवाल्याला सहज मिळतं, फ्लॅटवाला मात्र बघत बसतो. पण जर्मनीतून उचलण्यासारखी गोष्ट कठड्यावरचं पॅनेल नाही, त्यामागचा कायदा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी वस्तू नीट समजून घेऊ. साधारण ४३० ते ४५० वॅटची दोन पॅनेल असतात. एकेक पावणेदोन मीटर लांब, सव्वा मीटरला थोडं कमी रुंद, वजन वीस-बावीस किलो. दोन्ही मिळून एका मायक्रोइन्व्हर्टरला, म्हणजे वीज बदलणाऱ्या छोट्या डबीला, जोडतात. तो पॅनेलमधल्या डीसी विजेची २३० व्होल्ट एसी वीज करतो आणि ती घराच्या वायरिंगमध्ये सोडतो. फ्रिज, वायफाय, पंखे यांना लागणारी वीज तेवढी मीटरकडून कमी ओढली जाते, एवढाच सगळा खेळ. ग्रिडची, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्यातून येणारी, वीज गेली किंवा प्लग उपसला, की इन्व्हर्टर क्षणार्धात बंद होतो, म्हणून उघड्या पिनांचा झटका बसत नाही.

जर्मनीने केलं ते असं. १ जानेवारी २०२३ पासून या सामानावरचा मूल्यवर्धित कर शून्य झाला. मे २०२४ मध्ये इन्व्हर्टरची मर्यादा ६०० वरून ८०० वॅटवर नेली, पॅनेलांची २००० वॅटपर्यंत. वीज कंपनीकडे अर्ज करण्याची गरज उरली नाही. सरकारी नोंदवहीत महिन्याभरात ऑनलाइन नोंद केली की पुरे. जुना चकतीचा मीटर उलटा फिरत असला तरी तो बदलेपर्यंत चालवून घेतात आणि मीटर बदलायची जबाबदारी मीटरवाल्याची. ऑक्टोबर २०२४ पासून तर घरमालक किंवा इमारतीतले इतर मालक सबळ कारणाशिवाय नकारच देऊ शकत नाहीत. पॅनेल कसं लावायचं यावर ते बोलू शकतात. लावायचं की नाही, हे भाडेकरू ठरवतो. २०२५ च्या मध्यापर्यंत अशा नोंदींनी दहा लाखांचा आकडा ओलांडला.

आता हेच पॅनेल पुण्यात टांगून पाहू. बर्लिन साडेबावन्न अंश उत्तरेला आहे. तिथे २१ डिसेंबरच्या दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम १४ अंश वर येतो आणि ऐन जूनमध्येही ६१ अंशांपुढे जात नाही. सूर्य कायम दक्षिणेकडे कललेला, त्यामुळे दक्षिणेच्या कठड्यावरचं उभं पॅनेल बरं चालतं. पुणे साडेअठरा अंशांवर. शून्य सावलीचा दिवस, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो, तिथे मेच्या मध्याला येतो आणि पुन्हा जुलैअखेरीस. या दोन दिवसांच्या मधे सूर्य पुण्याच्या डोक्यावरून उत्तरेला सरकलेला असतो. दुपारीच नव्हे, सकाळ-संध्याकाळीसुद्धा. म्हणजे त्या अडीच महिन्यांत दक्षिणेच्या उभ्या पॅनेलवर थेट ऊन एकदाही पडत नाही, मिळतो तो फक्त आकाशाचा पसरलेला उजेड. एप्रिलमध्ये पडतं तेही अगदी तिरपं. पंखे आणि एसी सर्वांत जास्त चालतात नेमके तेव्हा पॅनेल मरगळलेलं, आणि खरं काम करणार डिसेंबरात. पूर्व किंवा पश्चिमेचा कठडा त्यातल्या त्यात बरा, पण तिथे अर्धाच दिवस ऊन. शिवाय सूर्य इतका डोक्यावर असतो, की वरच्या मजल्याच्या गॅलरीची सावली खालच्या कठड्यावर दुपारभर पडते. पॅनेल बाहेरच्या बाजूला तिरपं काढलं तर ऊन मिळेल, पण मग वारा.

वाऱ्याचा हिशेब व्हिडिओत कुणी करत नाही. भारतीय मानकांत मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरतात, पुण्यासाठी ३९. वेगाचा वर्ग गुणिले ०.६ केलं की दर चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो. मुंबईत दोन चौरस मीटरच्या एका पॅनेलवर हा जोर सुमारे २३०० न्यूटन, म्हणजे दोनशे तीस-पस्तीस किलोंची ओढ. जून २०२० चं निसर्ग आणि मे २०२१ चं तौक्ते ज्यांनी किनाऱ्यावर पाहिलं, त्यांना हा आकडा समजवावा लागणार नाही. बिल्डरने लावलेल्या साध्या लोखंडाच्या ग्रिल भिंतीत दोन-तीन इंच रुतवलेल्या असतात आणि दहा पावसाळ्यांनंतर बुडाशी गंजतात. खाऱ्या हवेत पॅनेलची अॅल्युमिनियमची चौकट थेट लोखंडाला टेकवली तर दोन धातूंच्या संगतीने गंज आणखी वाढतो. मधे रबर हवंच, आणि हुक ३१६ ग्रेड स्टेनलेसचे. पाचव्या मजल्यावरून वीस किलोंची काच खाली आली तर काय होईल, याचा विचार खालच्या फुटपाथवरच्या माणसासाठी करायला हवा.

वायरिंगमध्ये दोन फसवणुकी आहेत. पहिली अशी: ८०० वॅट म्हणजे साधारण साडेतीन अँपिअर. ज्या सर्किटला १६ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे जादा प्रवाह गेला की आपोआप पडणारा स्विच, आहे, तिथे ग्रिडकडून १६ आणि पॅनेलकडून साडेतीन, मिळून साडेएकोणीस अँपिअर भिंतीतल्या तारेतून वाहू शकतात. एमसीबीला त्यातले १६ च दिसतात, म्हणून तो पडत नाही आणि तार तापते. पॅनेलला डीबीपासून, म्हणजे घरातल्या मुख्य स्विचबोर्डापासून, वेगळी लाइन ओढणं हाच यावरचा सरळ इलाज. सोबत शॉकपासून वाचवणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी स्विच आणि खरंखुरं अर्थिंग. दुसरी फसवणूक आपल्याकडची खास आहे. जर्मनीत वर्षभरात सरासरी दहा-पंधरा मिनिटं वीज जाते, त्यामुळे वीज गेल्यावर हे पॅनेलही बंद पडतं याची तिथे कुणाला फिकीर नाही. आपल्याकडे घरोघरी बॅटरी-इन्व्हर्टर आहेत. पॅनेलचा प्लग चुकून इन्व्हर्टरच्या लाइनवरच्या सॉकेटमध्ये गेला, तर वीज गेल्यावर घरच्या साइनवेव्ह (ग्रिडसारखीच वीज देणाऱ्या) इन्व्हर्टरचा प्रवाह पॅनेलला ग्रिडच वाटू शकतो. मग ते घरच्या इन्व्हर्टरच्या आउटपुटमध्येच उलटी वीज ढकलू लागतं आणि तो इन्व्हर्टर जळू शकतो. वायरमनला हे आधी सांगून ठेवायला हवं.

आणि मीटर. आपल्याकडचे बरेच साधे इलेक्ट्रॉनिक मीटर वीजचोरीला आळा बसावा म्हणून असे बनवलेत, की प्रवाह उलटा गेला तरी तो वापर म्हणूनच मोजला जातो. दुपारी घरात कुणी नाही, फ्रिजचा काँप्रेसर थांबलेला, आणि पॅनेलने बाहेर ढकललेली वीज तुमच्याच बिलात लागते. शिवाय नेट मीटरिंगच्या, म्हणजे बाहेर दिलेली वीज बिलातून वजा करण्याच्या सोयीच्या, मंजुरीविना पॅनेल ग्रिडला जोडणं नियमबाह्यच. बचतीचं गणितही वेगळं. जर्मनीत प्रत्येक युनिटचा दर सारखा, त्यामुळे वाचलेलं पहिलं युनिटही पूर्ण किमतीचं. महावितरणचे घरगुती टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. महिन्याला ९० युनिट वापरणाऱ्याने पॅनेलवर पैसे घालू नयेत, ते फिटायला फार वर्षं जातील. ३३० वापरणाऱ्याला वरच्या टप्प्यातली तीस युनिटं आधी वाचतात, तिथे फरक दिसतो.

म्हणून मला वाटतं, फ्लॅटवाल्याचा हक्काचा सूर्य कठड्यावर नाही, गच्चीवर आहे. वीस किलोवॅटला साधारण दोन हजार चौरस फूट सावलीविना जागा लागते आणि वर्षाच्या सरासरीने दिवसाला ऐंशी युनिटांच्या आसपास वीज मिळते. सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी, म्हणजे लिफ्ट, पंप, गाड्यांचं चार्जिंग यांसाठी, किलोवॅटला १८ हजार रुपये अनुदान आहे. फेब्रुवारी २०२४ च्या केंद्राच्या नियमांनी १० किलोवॅटपर्यंतच्या संचाची तांत्रिक छाननीही काढून टाकली. राहतो तो कळीचा मुद्दा: गच्चीवरच्या विजेचा वाटा प्रत्येक फ्लॅटच्या बिलात वळता होणं. अशा वाटपाला व्हर्च्युअल नेट मीटरिंग म्हणतात आणि दिल्लीने २०१९ मध्ये त्याची मार्गदर्शक तत्त्वं आणली.

या बाबतीत जर्मनीच मागे आहे. एकाच इमारतीत छतावरची वीज वाटून घ्यायला २०२४ मध्ये कायद्याने वाट दिली, पण त्यासाठी दर पंधरा मिनिटांची नोंद ठेवणारा मीटर प्रत्येक घरात हवा, आणि ते बसवण्याचं काम तिथे रखडलं आहे. महाराष्ट्रात नेमके हेच स्मार्ट मीटर बसत आहेत आणि त्यांच्यावरून भांडण पेटलं आहे. प्रीपेडला, म्हणजे आधी पैसे भरून मग वीज वापरायच्या पद्धतीला, होणारा विरोध मला पूर्ण पटतो. जून २०२४ मध्ये सामान्य ग्राहकांसाठी प्रीपेड मागे घेतल्याचं जाहीर झालं ते योग्यच झालं. बिल अचानक वाढलं तर जुना आणि नवा मीटर काही दिवस शेजारी लावून मोजून दाखवा, ही मागणीही रास्त आहे. पण मीटरच नको म्हटलं, तर गच्चीवरच्या विजेचा वाटा मोजणार कशाने? मीटर घ्या, आणि त्या बदल्यात दोन्ही दिशांची नोंद, पंधरा मिनिटांची माहिती ग्राहकाच्या हातात आणि गच्चीतल्या वाट्याचा हक्क मागा.

सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ठराव आणायचा असेल, तर त्यात कोणाचे किती किलोवॅट, फ्लॅट विकला तर वाटा कोणाकडे, वॉटरप्रूफिंग पुन्हा करायची वेळ आली तर पॅनेल उतरवण्याचा खर्च कोणाचा, आणि उन्हाळ्यात दर पंधरवड्याला धूळ धुणार कोण, हे सगळं आधी लिहून घ्या. कंपनीचं कोटेशन त्यानंतर मागवा.