एका इंचाला एक फूट

पाऊस उघडला तसे बेळगावात टिळकवाडीच्या कट्ट्यावर अण्णा तापूनच आले. "वाचलं काय? कॅलिफोर्नियात दुकानात व्हीलचेअर चढत नाही म्हणून अपंग गिऱ्हाइकानं दावा लावला, की एकेका वेळेला कमीत कमी 4,000 डॉलर! दुकानदारानं जगायचं कसं, मर्दा?"

"ते तिथल्या राज्याच्या कायद्यानं," वकील म्हणाला. "अमेरिकेच्या केंद्राच्या 1990 च्या अपंगांच्या कायद्यात अशा खासगी दाव्याला भरपाई नाही. दुरुस्ती, आणि वकिलाची फी."

"फी हाय बघा!"

"आपल्याकडं अपंगांच्या हक्कांचा 2016 चा कायदा. पहिल्यांदा 10,000 पर्यंत दंड, परत सापडलात तर 50,000 ते 5 लाख."

अण्णांची बशी ओठाशीच थांबली. "माझ्या दुकानाला रॅम्प हाय की!"

"तो अ‍ॅक्टिवाचा," मेस्त्री म्हणाला. "एका इंचाच्या उंचीला एक फूट रॅम्प लागतो, अण्णा. पायरी सहा इंच, रॅम्प दोन फूट. खुर्ची चढतानाच मागं उलथंल. वर चकचकीत ग्रॅनाइट. आषाढात त्यावर बकरी टिकायची नाही."

"सहा फूट आणू कुठनं? पुढं गटार, मग रस्ता. बाहेर काढला की अतिक्रमण."

हे मात्र खरं. अण्णांचा या महिन्यातला पहिला मुद्दा.

"मग काढता-घालता करा. लोखंडी चेकर्ड पत्रा नको. सहा बाय तीनचा, पाच एमएमचा, सत्तर किलोला जातो. तुमचा पोरगा एकदा उचलंल, दुसऱ्या दिवशी कामाला यायचा नाही. अ‍ॅल्युमिनियम तिसऱ्या हिश्श्यात बसतं. खाली अँगल मारा, नाहीतर मधी झोका घेतो. वरच्या टोकाला पायरीत अडकणारा हूक, दोन्ही कडंला उभी पट्टी, चाक बाहेर जाऊ नये म्हणून. आणि घंटी खाली, बसल्या हाताला येईल अशी. वर लावलात तर ती वाजवायला पायरी चढायला लागंल."

"खर्च कोण देणार?"

"साठ टक्के कन्नडचा बोर्ड केलात, तेव्हा कुणाला विचारलात?"

"अरे, तो न्हाई केला तर लायसन जातं!"

"म्हणूनच तिकडं खटले घालतात," वकील हळूच म्हणाला.

"घाला! सीमेचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात हाय. माझा निकाल नातू ऐकंल."

हसू ओसरेपर्यंत मेस्त्रीनं खिशातला टेप काढून कट्ट्याचीच पायरी मोजली. नऊ इंच.

"नऊ फूट!" अण्णाच आधी ओरडले, आणि चहाचे पैसे न देता निघाले.