दोन वर्षांच्या पोराला धाक कशाला हवा?

'खरा बाप कसा असावा' अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या व्हॉट्सॲपवर फिरतोय. खाली कुणा डॉक्टरचं नाव नाही, संस्थेचं नाव नाही, शेवटी फक्त 'प्रत्येक बापापर्यंत पोहोचवा'. आमच्या घरच्या ग्रुपवर तो गावाकडच्या एका काकांनी टाकला आणि माझ्या धाकट्या भावाने मनावर घेतला. भाऊ चाकणला कंपनीत आहे, शिफ्टची नोकरी. मुलगा दोन वर्षांचा. सुट्टीच्या दिवशी भाऊ गादीवर आडवा पडायचा आणि पोरगं त्याच्या पोटावर चढून बसायचं, मग दोघांची झटापट चालायची. ते त्याने बंद केलं. 'आता मोठा होतोय ताई, थोडं अंतर ठेवायला पाहिजे,' असं मला फोनवर म्हणाला. दोन वर्षांच्या मुलापासून अंतर! मी बालवाडीत शिकवते, एवढीएवढीशी मुलं रोज माझ्यासमोर असतात. हे ऐकून गप्प बसणं मला शक्य नाही.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. तीन वर्षांपर्यंत मूल आईचंच असतं, बापाचा त्याला लळा लागत नाही. बाप मुलाबरोबर लोळून खेळला की धाक संपतो. दंगामस्तीच्या खेळांनी मूल मारकुटं होतं. मुलग्याला भातुकली, बाहुली दिली तर तो बायकी होतो. उचलून उडवल्याने इजा होते. तीन वर्षांत मेंदूची 85 टक्के वाढ होते, म्हणून वेळ नसलेल्या बापाने चांगलं लर्निंग ॲप घेऊन द्यावं. आणि सगळ्यात शेवटी, बापाचं काम कमावण्याचं, खेळवण्याचं नाही.

लळ्याचा मुद्दा आधी निकालात काढते, कारण त्याला फार वेळ द्यायची गरजच नाही. शॅफर आणि एमर्सन या दोन संशोधकांनी स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरातल्या 60 बाळांचा अभ्यास केला, तो 1964 साली प्रसिद्ध झाला. दीड वर्षाची होईपर्यंत त्यातल्या साधारण तीन-चतुर्थांश बाळांना वडिलांचा पक्का लळा लागलेला होता. ही साठ वर्षांपूर्वीची गोष्ट, आणि तीही अशा काळातली जेव्हा तिथले बापही दिवसभर कामावरच असायचे. झोप आली, भूक लागली की मूल आधी आईकडे धावतं, हे बहुतेक घरांत दिसतं. दिवसभर जी व्यक्ती भरवते, झोपवते तिच्याकडे ते जाणारच. बापाने भरवायला आणि झोपवायला घेतलं की ते बापाकडेही जातं.

आता धाक. या मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच आहे, आणि माझ्या भावाला तेच पटलं.

दोन वर्षांच्या मुलाला 'हात लावू नको' हे शब्द कळतात, पण हात थांबवणं जमत नाही. मनातली ओढ आवरण्याची ताकद त्या वयात जेमतेम सुरू झालेली असते. ती वर्षानुवर्षं हळूहळू येते, चार-पाच वर्षांच्या मुलांनाही ती पुरेशी आलेली नसते. डोळे वटारल्यावर मूल थांबतं ते घाबरून थांबतं. बाप खोलीतून गेला की हात पुन्हा तिथेच जातो, कारण स्वतःला आवरायला ते शिकलेलं नसतं, बापाला बघायला शिकलेलं असतं. माझ्या वर्गात पाणी सांडलं की काही मुलं फडकं शोधायला पळतात. काही मुलं जागच्या जागी उभी राहून माझ्या हाताकडे बघतात, हात वर जातोय का ते. तीन वर्षांच्या मुलाला हे कुठून कळलं? ज्यांना 'धाक हवाच' असं वाटतं त्यांनी एकदा वर्गात येऊन ती नजर बघावी.

याच्याच पाठीला पाठ लावून पुढचा मुद्दा येतो, दंगामस्तीने मूल मारकुटं होतं हा. खरं चित्र जवळजवळ उलटं आहे. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी 2020 मध्ये एक मोठा आढावा प्रसिद्ध केला. वडील आणि तीन वर्षांखालची मुलं यांच्या खेळाबद्दल 1977 ते 2017 या चाळीस वर्षांत झालेले 78 अभ्यास त्यांनी एकत्र वाचले. वडिलांच्या खेळात अंगाला अंग लावून केलेली धडपड जास्त दिसते: पाठीवर घेणं, गुदगुल्या, पाठलाग, लोळालोळी. ज्या मुलांना वडिलांबरोबर चांगलं खेळायला मिळतं त्यांच्यात अतिचंचलपणा, वागणुकीच्या तक्रारी कमी आढळल्या, आणि पुढे शाळेत भांडण झालं तर दुसऱ्यावर हात उगारण्याचं प्रमाणही कमी दिसलं. यातले बहुतेक अभ्यास युरोप-अमेरिकेतले आहेत. खेळामुळेच सगळं झालं असं छातीठोकपणे सांगता येत नाही, हेही मान्य. पण चाळीस वर्षांच्या अभ्यासांचा रोख एका बाजूला आणि निनावी मेसेज दुसऱ्या बाजूला, तर मी कशावर भरवसा ठेवावा?

आणि हे कसं घडतं ते गादीवर डोळ्यांनी दिसतं. बाप आडवा झालाय, पोरगं अंगावर झेप घेतंय. बाप त्याला हळूच पालथं पाडतो, ते खदखदून हसत उठतं आणि परत येतं. दोन-चार वेळा झालं की खेळ तापतो, पोरगं जोशात बापाच्या दंडाला चावतं. इथे बाप ओरडत नाही. तो थांबतो, उठून बसतो आणि सांगतो, 'आई गं, दुखलं. चावायचं नाही.' खेळ थांबला. पोराला खेळ तर हवाच असतो, म्हणून पुढच्या वेळी ते तोंड आवरतं. जोशात असताना स्वतःला आवरणं म्हणतात ते हेच, आणि याचा सराव पाटीसमोर बसवून करून घेता येत नाही. दुसऱ्या बाजूचा नियमही तेवढाच पक्का पाळायचा. मुलाने मान वळवली, अंग आकसलं, हसणं थांबलं, 'नको' म्हटलं की बापाने त्या क्षणी हात काढायचा. गुदगुल्यांमध्ये तर हे फार जपायला हवं, कारण नको असतानाही गुदगुल्यांनी हसू येतच राहतं. आपल्या 'नको'ला बाबा मान देतात हे ज्या मुलाला रोज अनुभवायला मिळतं, ते दुसऱ्याचं 'नको'ही लवकर ओळखतं. मुलीच्या बाबतीत तर हे दुपटीने महत्त्वाचं. मेसेज लिहिणाऱ्याने मुलींचा एका शब्दाने उल्लेख केलेला नाही. मुलींना बाप नसतो की काय?

भातुकलीबद्दल बोलताना मला खरंच राग येतो. माझ्या वर्गात एक मुलगा लुटुपुटुची पोळी लाटत होता आणि त्याला न्यायला आलेल्या पाहुण्याने त्याच्या हातातलं लाटणं काढून घेतलं. दीड ते दोन वर्षांच्या आसपास मुलं खोटं खोटं खेळायला लागतात. रिकाम्या कपातून बाबांना चहा देतात. बाबांनी फुर्र करून तो प्यायचा, 'गरम आहे रे, साखर घातलीस का?' असं विचारायचं. मूल आत जाऊन खोटी साखर आणतं. समोर नसलेली वस्तू मनात धरणं, दुसऱ्याला काय हवंय याचा अंदाज घेणं, प्रश्नाला उत्तर देणं, हे सगळं त्या एका रिकाम्या कपात होतं. यात बायकी काय आहे? चहा तर बाबाही पितात.

लहान मुलांचं जग पुरुषाला शोभत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी गिजुभाई बधेका हे नाव ऐकलेलं नसावं. पेशाने वकील असलेला हा माणूस वकिली सोडून लहान मुलांच्या शिक्षणात उतरला आणि 1920 मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केलं. मुलांबरोबर नाचायचे, गोष्टी सांगायचे, नाटकं करायचे. गुजरातेत लोक त्यांना 'मूछाळी मा' म्हणायचे, मिशीवाली आई. हे नाव लोकांनी प्रेमाने दिलं होतं. आपल्या महाराष्ट्रात बालशिक्षण रुजवणाऱ्या ताराबाई मोडक त्यांच्याबरोबरच भावनगरला काम करत होत्या. पुढे 1945 मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. महागडी साधनं खेड्यात परवडणार नाहीत म्हणून पानं, फुलं, शिंपले, माती अशा आसपासच्या वस्तूंवर भर दिला. आज खेळण्यांच्या दुकानात हजारो रुपये मोडणाऱ्या बापाने हे लक्षात घ्यावं.

घरातली साधनं पुरतात. कणीक मळताना एक गोळा मुलाला द्यायचा. दाबणं, लांबवणं, तुकडे करणं यात बोटं तयार होतात. गच्चीत किंवा अंगणात एक जुना रंगाचा ब्रश आणि तांब्याभर पाणी द्यायचं, भिंत रंगवायला सांगायची. ओली भिंत गडद दिसते, उन्हाने वाळते, मूल पुन्हा रंगवतं. पुसायला काही उरत नाही. फ्रिजच्या खोक्याला दार कापलं की घर झालं. पातेली आणि झाकणं जमिनीवर मांडायची. कुठलं झाकण कुठे बसतं हे शोधताना मूल किती वेळ गुंतून राहतं ते स्वतः बघा. मात्र तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात चिंचोके, हरभरे, शेंगदाणे, मणी द्यायचे नाहीत, घशात अडकतात. आणि रिमोटमधल्या, खेळण्यांतल्या चपट्या गोल बॅटऱ्या तर अजिबात हाताशी ठेवायच्या नाहीत. गिळल्या तर अन्ननलिका आतून भाजते, तडक हॉस्पिटल गाठावं लागतं.

उचलून उडवल्याने इजा होते, यात अर्धं खरं आहे, ते मला मान्य करावं लागतंय. तान्ह्या बाळाला हवेत उडवायचं नाही, आणि रागाच्या भरात गदागदा हलवणं तर जिवावर बेतू शकतं. पाच वर्षांखालच्या मुलाला मनगटाला धरून वर उचललं किंवा गरगर फिरवलं, तर कोपराचा सांधा सरकू शकतो. मूल मग तो हात हलवतच नाही, अंगाशी धरून बसतं. अशा वेळी ओळखीच्या कुणाकडून हात ओढून न घेता डॉक्टरकडे जायचं. उचलायचं ते काखेत हात घालून. आणि वर पंखा फिरतोय का हे आधी बघायचं, आपल्या घरांत तो धोका खराच आहे. पण यावरून 'खेळूच नका' हा निष्कर्ष कसा निघतो?

85 टक्के मेंदूचा आकडाही असाच अर्धवट उचललेला. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात 85 टक्क्यांहून अधिक असा उल्लेख आहे, पण तो सहा वर्षांपर्यंतचा. मेसेजवाल्याने सहाचे तीन केले आणि उपाय म्हणून ॲप सुचवलं. जागतिक आरोग्य संघटनेची 2019 ची सूचना स्पष्ट आहे: एक वर्षाच्या मुलाला स्क्रीन नको, दोन वर्षांच्या मुलाला जास्तीत जास्त एक तास, तोही जितका कमी तितका बरा. त्याच सूचनेत एक ते दोन वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून किमान 180 मिनिटं हालचाल करावी असंही म्हटलंय. म्हणजे तीन तास. ते ॲप करून देणार नाही.

राहिलं कमावणं. लोकांचा दिवस कशात जातो हे बघणाऱ्या सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीत 15 ते 59 वयाच्या 41 टक्के बायकांनी दिवसात घरातल्या कुणाची तरी काळजी घेण्याचं काम केलेलं दिसलं, पुरुषांत ते 21.4 टक्के. असं काम करणाऱ्या बाईचे त्यात 140 मिनिटं गेले, पुरुषाचे 74. यातल्या बऱ्याच बायका कमावतातही. बापांची अडचणही मी बघते. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला बाळ झाल्यावर 15 दिवसांची पितृत्व रजा मिळते, खासगी नोकरीतल्या बापाला कायद्याने एक दिवसही नाही. तेव्हा शिफ्ट करून आलेल्या माणसाकडे मी तास-दोन तास मागत नाही.

जे काम घरात रोज होतंच, त्यातलं एक त्याने स्वतःकडे घ्यावं, एवढंच मी भावालाही सांगितलं. पोराची आंघोळ तुझ्याकडे घे. सेकंड शिफ्ट असेल तर सकाळी, फर्स्ट असेल तर संध्याकाळी. एक मग, एक गाळणी, एक वाटी. गाळणीत पाणी का राहत नाही, वाटी तरंगते आणि चमचा का बुडतो, हे पोराला बघू दे, तू फक्त बोलत राहा. फोन बाहेर ठेव, आणि आंघोळ होईपर्यंत पोराला एकटं सोडून उठू नकोस, दारात कुरिअरवाला आला तरी. आणि झाल्यावर बादली भरलेली ठेवू नकोस, तिथेच ओतून पालथी घाल, कारण या वयाचं मूल त्यात डोक्यावर पडलं तर त्याला स्वतःहून बाहेर येता येत नाही.