'ट्राय करतंय' म्हणजे नेमकं काय?

गणपतीला महिना उरला की आमच्या आईचे फोन सुरू होतात. डोंबिवली, नालासोपारा, पुणे. कोण येणार, कधी येणार, किती दिवस राहणार. परवा पुतण्याला लावला. स्पीकरवर, कारण कानाला धरून तिचा हात दुखतो.

"ट्राय करतंय गो आजी."

"येतलंस काय नाय, तां सांग. मोदक किती करूचे तां माका कळाक व्हया."

"तांच सांगतंय मगे, ट्राय करतंय."

फोन ठेवला आणि आईने हिशेबातून दोन नारळ कमी केले. इंग्रजीचं एक अक्षर तिला येत नाही, पण 'ट्राय'चा अर्थ तिला चोख कळतो.

मला मात्र तो शब्द डोक्यातून जाईना. शेवटी मूळ शोधलं. 'ट्राय' इंग्रजीत आला जुन्या फ्रेंचमधून, साधारण 700 वर्षांपूर्वी. तिथे त्याचा अर्थ निवडणं, चाळून वेगळं काढणं. फ्रेंच लोक आजही टपाल आणि कचरा वेगळा करायला तेच क्रियापद वापरतात. इंग्रजीत तो कोर्टात शिरला, खरंखोटं निवडायला. 'ट्रायल' त्यातलाच. मग पारखणं, कस लावणं, आणि नंतर कुठे 'प्रयत्न करणं'. कोविडमध्ये आपण सगळ्यांनी ऐकलेला 'ट्रियाज', म्हणजे कुठल्या पेशंटला आधी बघायचं ते ठरवणं, हाही त्याच घरातला.

'निवडणं' वाचलं आणि डोळ्यांपुढे आली ती मालवणच्या दांडीवरची रापण. होडी अर्धगोल मारून जाळं टाकून येते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि माणसं पाय वाळूत रुतवून मागे मागे सरकत ओढत राहतात. लहानपणी मीही दोर धरलाय, तळहात सोलून घेतलेत. सगळ्यांना वाटायचं मेहनत ती एवढीच. पण जाळं वाळूवर आलं की बायका फतकल मारून बसायच्या आणि खरं काम तिथे सुरू व्हायचं. बांगडे एका टोपलीत, पेडवे दुसऱ्या, सुंगटा बाजूला, फुगलेला केंड उचलून फेकायचा. नजर खाली, हात चालू, तोंड त्याहून चालू. इंग्रजांचा मूळ 'ट्राय' तो हा. आपण उचलला तो शेवटचा, पातळ झालेला अर्थ.

आता व्याकरणाची एक गंमत, जी शाळेत आम्हाला कुणी धड सांगितली नाही. इंग्रजीत 'ट्राय'पुढे 'टू' आलं तर काम होईल की नाही हीच शंका. 'आयएनजी'वालं रूप आलं तर काम करायचंच असतं, शंका असते ती त्याने काय होईल याची. आम्ही हे नियम म्हणून घोकलं आणि विसरलो. अहो, पण मराठीत हे आई रोज बोलते! "तिकल्यात तिरफळ घालून बघ" म्हणजे घालायचंच, मग चव बघायची. "झाकण उघडायचा प्रयत्न केला" म्हणजे ते उघडलं नसावं. 'करून बघणं' आणि 'प्रयत्न करणं' हे दोन वेगळे शब्दप्रयोग आपल्याकडे आयते आहेत, आणि दोघांच्या डोक्यावर आपण एकच 'ट्राय' ठेवून मोकळे झालो.

(रग्बीतला 'ट्राय' तर भन्नाट. चेंडू रेषेपलीकडे टेकवला की सुरुवातीच्या काळात गुण शून्य, फक्त गोलवर किक मारून बघायची संधी. आज रग्बी युनियनमध्ये त्याचे 5 गुण मिळतात.)

परक्या शब्दांशी माझं भांडण नाही. टेबल आलं, स्टेशन आलं, राहिली बिचारी. माझा राग 'नाही'च्या जागी येणाऱ्या 'ट्राय'वर आहे. खरं सांगायचं तर त्याआधी आपण 'बघूया' म्हणून हेच करत होतो. लग्नाला येतो का, बघूया. पैसे कधी देतोस, बघूया. पण 'बघूया'त निदान लबाडी उघडी असायची. 'ट्राय'मध्ये आपण घाम गाळतोय असा आव असतो, आणि समोरच्याला वर आपलीच दया यायला हवी.

काल पुतण्याचा मेसेज आला. तिकीट वेटिंगवर आहे, पण एसटीने तरी "येऊन बघतंय" म्हणाला. मी आईला वाचून दाखवला.

"येऊन काय बघतलो मेलो," आई म्हणाली, आणि दोन नारळ परत हिशेबात घेतले.