ज्याच्यावर राग आहे, त्याला ही गाडी सुचवा

राजेहो, आज लांब लिहितो. डोकं फिरलेलं आहे.

इथे नागपुरात आमच्या अपार्टमेंटमधल्या, शाळेतून रिटायर झालेल्या एका बाईंनी मागे सेकंड हँड सेडान घेतली. पांढरी, पेट्रोल, चकचकीत. कॉलनीतल्या एका जाणत्या भाऊंनी सांगितलं होतं, "डोळे मिटून घ्या मॅडम, डॉक्टरची गाडी आहे." आज सकाळी ती पार्किंगमध्येच मेली. किल्ली फिरवली की डॅशबोर्डवर दिवाळी आणि स्टार्टर ढिम्म. मेकॅनिक आला, त्याने बोनट उघडलंच नाही. आधी ड्रायव्हरचा सीट बेल्ट रीळ संपेपर्यंत बाहेर ओढला. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर वाळलेल्या गाळाची पिवळट रेघ, म्हणजे गाडी पाण्यात बुडून आलेली. बाई विचारून राहिल्या, "बेल्ट बदलावा लागेल का हो?"

आता त्या भाऊंचं बाईंशी काही वैर नाही. पण असे सल्ले वैऱ्याला द्यायचे असतात, शेजारणीला नाही. म्हणून तुमच्या सोयीसाठी वैऱ्यांकरता काही गाड्या सुचवतो. तुमच्या गेटसमोर गाडी लावून लग्नाला जाणारा, उधारी बुडवून वर स्टेटस टाकणारा, असा एखादा प्रत्येकाकडे असतोच.

बडेजाव मिरवणारा असेल तर त्याला दहा-बारा वर्षं जुनी मोठी जर्मन एसयूव्ही सुचवा. नव्या स्विफ्टच्या भावात मिळते, धरमपेठेत कॉफी प्यायला उतरलं की माणसं वळून पाहतात. एअर सस्पेन्शनवाली असली तर सोन्याहून पिवळं. त्यात स्प्रिंगच्या जागी रबराच्या हवेच्या बॅगा असतात. वय झालं की रबराला भेगा पडतात, रात्री हवा निघते, सकाळी गाडी एका कोपऱ्यात बसलेली दिसते. मालक म्हणतो, चालू केली की उठते ना. उठते, कारण कॉम्प्रेसर सतत हवा भरत राहतो, आणि महिन्या-दोन महिन्यांत तोही जळतो. एका बॅगेचं काम होतं, ते बॅग, कॉम्प्रेसर आणि रिले असं तीन जागी जातं. गाडी स्विफ्टच्या भावाची झाली तरी तिचे पार्ट साठ-सत्तर लाखांच्या गाडीचेच राहतात, हे कोणी सांगत नाही. चालवायला मजा येते, हे मान्य. चालेल तेव्हा.

रोज मनीषनगर ते बर्डी आणि परत, एवढंच ज्याचं जग, त्याला बीएस 6, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमाचं डिझेल सुचवा. 1 एप्रिल 2020 नंतरच्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सर लाइनमध्ये डीपीएफ नावाची जाळी असते. ती काजळी अडवते आणि भरली की स्वतःच जाळून टाकते. पण त्यासाठी आत सहाशे डिग्रीच्या आसपास तापमान लागतं आणि गाडी एका लयीत काही वेळ पळावी लागते. छत्रपती चौकाच्या सिग्नलवर ते होत नाही. मग गाडी जाळण्यासाठी जास्तीचं डिझेल सोडते, मध्येच आपला हीरो ऑफिसला पोचून इंजिन बंद करतो, आणि ते न जळलेलं डिझेल खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसलं तर हेच समजायचं. ऑइल पातळ, टर्बोच्या बेअरिंगला धोका, आणि शेवटी डॅशबोर्डवर दिवा. दर आठवड्याला अमरावतीला जाणाऱ्यासाठी हीच गाडी उत्तम आहे. म्हणून शत्रू निवडताना त्याचं रोजचं अंतर आधी विचारा.

सात गिअरची, कोरड्या क्लचची डीएसजी, म्हणजे फोक्सवॅगन-स्कोडाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. पोलो जीटी, ऑक्टाव्हिया अशा कितीतरी गाड्यांत ती आली. यात दोन क्लच असतात आणि ते ऑइलमध्ये बुडालेले नसतात. व्हरायटी चौकात मे महिन्याच्या 45 डिग्रीत गाडी इंच इंच सरकते तेव्हा क्लच अर्धवट घसरत राहतो आणि ती उष्णता जायला जागाच नसते. पहिल्याहून दुसऱ्याला जाताना हलका थरकाप जाणवला की क्लच संपत आलाय. आणि गिअरचा आकडा लुकलुकून एक-तीन-पाच तरी गायब किंवा दोन-चार-सहा तरी गायब, असं झालं तर मेकॅट्रॉनिक, म्हणजे गिअर बदलणारं कंट्रोल युनिट गेलंय. तो खर्च लाखाच्या घरात जातो. टेस्ट ड्राइव्हला विकणारा तुम्हाला मोकळ्या रस्त्यावर नेईल. रिंग रोडवर या गाडीचं दुखणं कधीच दिसत नाही.

एक लिटर टर्बो पेट्रोलची इकोस्पोर्टही लक्षात ठेवा. तिचा टायमिंग बेल्ट इंजिन ऑइलमध्येच फिरतो. बेल्ट आतच असल्यामुळे तो खराब झालेला बाहेरून दिसत नाही. मागच्या मालकाने कोपऱ्यावरून स्वस्त, भलत्याच ग्रेडचं ऑइल ओतलं असेल तर बेल्टचं रबर सुटतं, त्याचे कण ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात, प्रेशर पडतं आणि इंजिन आतून खरवडून निघतं. त्याच गाडीचं दीड लिटरचं डिझेल मात्र सोनं आहे, ते शत्रूला सांगू नका.

बंद पडलेल्या कंपन्यांबद्दल फार लिहीत नाही. शेवरोलेने 2017 च्या शेवटी इथे विक्री थांबवली, डॅटसन 2022 मध्ये गेली. फियाटचं 1.3 डिझेल इंजिन स्विफ्टमध्ये होतं, त्यामुळे इंजिनाचं काही अडत नाही. अडतं ते हेडलाइट, बंपर, दाराची काच आणि डॅशबोर्डवर. मेयो हॉस्पिटलसमोर कोणी हलकं ठोकलं की पुढचे दोन महिने एका हेडलाइटसाठी भंगारवाल्यांना फोन.

आता येतो मूळ मुद्द्यावर. इथे थट्टा संपली.

23 सप्टेंबर 2023. काही तासांत 100 मिलिमीटरहून जास्त पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी रस्त्यावर आली. अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआउट, शंकरनगर. मोरभवनला बसेस पाण्यात उभ्या होत्या. खालच्या पार्किंगमध्ये किती गाड्या छतापर्यंत गेल्या ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्या गाड्यांचं पुढे काय झालं, हा प्रश्न कोणाला पडलाच नाही. विमा कंपनीचा हिशोब साधा असतो. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा किमतीच्या 75 टक्क्यांवर गेला की टोटल लॉस. मालकाला पैसे, गाडी लिलावात. आणि पाण्यात असताना मालकाने घाबरून सेल्फ मारला असेल तर सिलिंडरमध्ये पाणी जातं, पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन प्रोटेक्ट कव्हर नसेल तर त्याचे पैसेही मिळत नाहीत. मग अशी गाडी उन्हात वाळवली जाते, सीट धुतल्या जातात, कार्पेट बदललं जातं, वर पॉलिश मारून "डॉक्टरची गाडी" म्हणून उभी राहते.

बाईंच्या गाडीचे जुने कागद आज दुपारी पाहिले. 2023 च्या पॉलिसीत नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, 45 टक्के. 2024 च्या पॉलिसीत शून्य. मालक बदलला तरी बोनस शून्य होतो, पॉलिसी 90 दिवसांहून जास्त तुटली तरी होतो, तेही ठीक. पण दोन्ही पॉलिसींवर नाव एकच, तारखा सलग. म्हणजे मध्ये क्लेम झाला. ही गोष्ट दोन कागद शेजारी ठेवून कळते. भाऊंनी कागद मागितलेच नाहीत, टायर लाथेने ठोकून पाहिले फक्त. काय माणूस आहे!

बुडालेली गाडी ओळखायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. सगळे बेल्ट पूर्ण ओढा, मागचेसुद्धा, कारण विकणारा पुढचेच बदलतो. बेल्टच्या शेवटी शिवलेल्या लेबलवर बनावटीचं साल असतं, ते गाडीच्या सालाशी जुळवा. 2017 च्या गाडीत 2023 चा बेल्ट कशाला आला? स्टेपनी काढा आणि तिच्या खालच्या खड्ड्यात बोट फिरवा, जॅकच्या घड्यांत गाळ बघा. सीट मागे सरकवून रुळांचे बोल्ट पाहा. वरचं लेदर नवं आणि खालच्या स्प्रिंगवर लाल गंज, तर समजून जा. दाराच्या उंबऱ्याची प्लास्टिक पट्टी उचलून कार्पेटच्या खालचा फोम दाबा. वरचं कार्पेट वाळतं, फोम वाळत नाही. एसी आतल्या हवेवर फुल लावून काचा बंद करून पाच मिनिटं बसा, कुबट वास येतो का बघा. आत तीन-तीन परफ्यूम लटकवले असतील तर आधी ते काढून बाहेर ठेवा.

आणि सगळ्यात हरामखोरीची गोष्ट एअरबॅगच्या दिव्याची. एअरबॅगचं कंट्रोल युनिट बहुतेक गाड्यांत मधल्या कन्सोलखाली, जमिनीलगत असतं. म्हणजे पाणी आलं की तेच आधी बुडतं. मग दिवा लागून राहतो आणि गिऱ्हाईक पळतं. यावर तोडगा म्हणून दिवा काढून टाकतात किंवा त्याची वायर दुसऱ्या एखाद्या दिव्याला जोडतात, म्हणजे तो त्याच्याबरोबर लागतो, त्याच्याबरोबर विझतो. किल्ली ऑन केली की एअरबॅगचा दिवा आधी लागला पाहिजे आणि काही सेकंदांनी आपला आपण, एकटाच, विझला पाहिजे. लागलाच नाही किंवा इंजिन सुरू होताच ऑइलच्या दिव्याबरोबर विझला, तर स्कॅनर लावल्याशिवाय टोकन देऊ नका. बाईंच्या गाडीत हा दिवा लागतच नव्हता. त्या गाडीतून बाई नातवाला घेऊन रामटेकला जाऊन आल्या. इथे मला लिहिताना हात थांबवावा लागतोय, नाहीतर शिव्या येतील.

गाडी पाण्यातून निघून इतके दिवस चालली मग आज काऊन मेली, असं कोणी विचारेल. वायरिंगच्या कपलरमध्ये तांब्यावर हिरवट गंज हळूहळू चढतो. आज एक पिन, सहा महिन्यांनी दुसरी. म्हणून ही गाडी एकदा दुरुस्त करून भागत नाही. मेकॅनिकने आज फ्यूज बॉक्सखालचा कपलर उघडला तर दोन पिना हिरव्या होऊन खाऊन गेलेल्या. चाकाच्या निम्म्यापर्यंतच पाणी लागलेली गाडी चालून जाते, तेवढं सोडून देतो. आतल्या कार्पेटच्या वर पाणी गेलेली गाडी कितीही स्वस्त असो, ती स्वस्त नसते.

दिल्लीच्या डिझेल गाड्यांचंही तेच. तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेलवर हरित लवादाने (एनजीटी) 2015 मध्ये बंदी आणली, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली, आणि तिथल्या गाड्या स्वस्तात इकडे यायला लागल्या. सगळ्या वाईट नसतात. पण तिकडच्या आरटीओची एनओसी, इकडचा रोड टॅक्स आणि नवीन नंबर यांचा खर्च किमतीत मिळवा, मग सांगा स्वस्त कुठे राहिली. "पासिंग करून देतो" या बोलण्यावर पैसे द्यायचे नाहीत. एमएच 31, 40 किंवा 49 चा नंबर पडून आरसी हातात, मग बाकीची रक्कम.

बाईंना आता काय सांगायचं यावर संध्याकाळी आम्ही तिघं-चौघं बोललो. बाईंना भाऊंचा राग नाही, त्या उलट म्हणाल्या, "त्यांनी चांगल्या मनानेच सांगितलं असेल." असेलही. मला त्यांच्याएवढा मोठेपणा जमत नाही. विकणाऱ्याला क्लेम माहीत होता, तो त्याने लपवला, हे दोन्ही पॉलिसी आणि मेकॅनिकचा लेखी रिपोर्ट जोडून ग्राहक आयोगात मांडता येतं. बाईंनी फोटो काढून ठेवलेत, बेल्टचा पण. गाडी उघडण्याआधी फोटो काढा, नंतर पुरावा उरत नाही.

आता खाली कमेंटमध्ये "मग घ्यावी कोणती" येईलच. साधं पेट्रोल, मॅन्युअल गिअर, टर्बो नको, एकाच मालकाची, सर्व्हिसची बिलं सलग असलेली, शक्यतो नागपूर पासिंग. रंगाची जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर फिरवून घ्या. कंपनीचा रंग साधारण 80 ते 150 मायक्रॉन भरतो, एखाद्या दारावर 300 च्या वर आकडा गेला तर आत लांबी (पुट्टी) भरलेली आहे. टायरवरचा चार आकडी कोड वाचा, 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. असले जुने टायर घेऊन समृद्धीवर 120 ने जायचं नाही. नक्षीची खोली कितीही असू द्या, रबर कडक झालेलं असतं. सीएनजी किट बाहेरून बसवलेलं असेल तर आरसीवर नोंद आणि सिलिंडरची तीन वर्षांची हायड्रो टेस्ट पाहा.

आणि लिंक इनबॉक्स करून "कशी वाटते भाऊ" विचारू नका. फोटोवरून मला फक्त पॉलिश दिसते. विकणाऱ्याला आदल्या रात्रीच सांगा की सकाळी येतो, गाडी चालू करून ठेवू नका. गेल्यावर आधी बोनटला हात लावा. गरम लागलं तर चहा प्या, गप्पा मारा आणि परत या. थंड इंजिनात चेनचा खडखडाट ऐकू येतो, सायलेन्सरचा निळा धूर दिसतो. गरम केल्यावर दोन्ही लपतात.