यॉर्कशायर पुडिंग सिलिकॉनच्या साच्यामुळे फुगत नाही

सध्या एक ‘हमखास’ कृती सगळीकडे फिरते आहे: यॉर्कशायर पुडिंग (दूध, अंडी आणि मैद्याच्या पातळ मिश्रणाचा ओव्हनमध्ये फुगवलेला, गोड नसलेला इंग्लिश पदार्थ) फुगत नसेल तर सिलिकॉनचा साचा घ्या, मिश्रणात चमचाभर बेकिंग पावडर घाला, तेल आधी तापवत बसू नका आणि ओव्हनचं दार शेवटपर्यंत उघडू नका. यातला शेवटचा सल्ला अर्धा खरा आहे. बाकीचे तीन पुडिंग बिघडवतात, आणि लोक त्यासाठी नवे साचे विकत घेताहेत, म्हणून हे लिहिते आहे.

आधी साचा. सिलिकॉनमधून उष्णता फार हळू जाते. केकला ते चालतं, कारण तिथे सौम्य आच हवी असते. इथे मात्र मिश्रण पडताक्षणी चरचरलं पाहिजे. कडा लगेच धरतात, दूध-अंड्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती अजून मऊ असलेलं पीठ वर ढकलते. पुडिंग फुगतं ते एवढ्यानेच. म्हणून भांडं धातूचंच हवं. काळपट पोलादी मफिन ट्रे, म्हणजे छोट्या वाट्यांचा ट्रे, उत्तम. बिडाचं भांडं तापायला वेळ घेतं, पण मिश्रण ओतल्यावर चटकन गार पडत नाही. ॲल्युमिनियमचा साधा केकचा डबाही चालतो. शिवाय कडकडीत तेलाने भरलेला लवचिक साचा ओव्हनमधून बाहेर ओढणं सरळसरळ धोक्याचं आहे.

वाटीसारखा आकार हवाच, असंही नाही. मूळ पद्धतीत विस्तवासमोर मांस भाजत असे आणि त्याची ठिबकणारी चरबी खालच्या पसरट भांड्यात पडे; पुडिंग त्यातच होई. त्याचे चौकोनी तुकडे ग्रेव्हीबरोबर मांसाच्या आधी वाढत, म्हणजे पोट भरे आणि महागडं मांस सगळ्यांना पुरे. घरातला पसरट ट्रे या परंपरेच्या जास्त जवळचा आहे.

बेकिंग पावडरचं काय? इंग्लिश पाककृती-लेखिका हॅना ग्लास यांच्या १७४७ सालच्या कृतीत दूध, अंडी, मीठ आणि मैदा एवढंच आहे. बेकिंग पावडर जवळजवळ शंभर वर्षांनी आली. ती घातली की मिश्रणभर बारीक बुडबुडे होतात आणि आत पोकळी राहण्याऐवजी केकसारखा जाळीदार गर तयार होतो. ४ अंडी, १४० ग्रॅम मैदा, २०० मिली दूध, चिमूटभर मीठ, आणि मिश्रणाला अर्धा तास विश्रांती. पुरे.

तेल न तापवण्याचा सल्ला तर सगळ्यात वाईट. त्याच जुन्या कृतीत चरबी उकळू लागल्यावरच मिश्रण ओतायला सांगितलं आहे. कोमट तेलात सोडलेली पुरी जशी तेल पिऊन चपटी राहते, तसंच इथे होतं. प्रत्येक वाटीत चमचाभर तेल घालून ट्रे २२०-२३० अंशांवर दहा मिनिटं ठेवा, मग भराभर ओता. लोणी नको, त्यातला दुधाचा अंश जळतो. रिफाइंड सूर्यफूल तेल चांगलं, आणि आपलं साजूक तूपही हा ताप सहज सोसतं.

आता दार. पहिली पंधरा मिनिटं ते बंदच ठेवा, लहान ओटीजीमध्ये तर नक्कीच, कारण त्यातली उष्णता पटकन निघून जाते. पण भिंती एकदा धरल्या की दार उघडायला हरकत नाही. उलट शेवटी प्रत्येक पुडिंगला सुरीच्या टोकाने भोक पाडून वाफ जाऊ द्यावी आणि आणखी दोन-तीन मिनिटं भाजावं. बाहेर काढल्यावर पुडिंग बसतं ते बहुतेक वेळा कच्चं राहिल्यामुळे: वरून सोनेरी दिसतं, पण कडा ओलसरच असतात. लहान पुडिंगना वीस-पंचवीस मिनिटं द्या आणि रंग गडद तपकिरी होईपर्यंत थांबा.