प्रिंटर कुणा एकाच्या कॉम्प्युटरला बांधू नका

मार्चअखेरीस एका पतसंस्थेत गेलो होतो. चार कॉम्प्युटर, एकच प्रिंटर. तो यूएसबी केबलने कॅशियर मॅडमच्या मशीनला जोडलेला आणि तिथून बाकीच्यांना शेअर केलेला. साडेपाचला मॅडम पर्स घेऊन उठल्या की आतून हाक यायची, "मॅडम, मशीन बंद करू नका हां!" त्यांचं मशीन अपडेटला बसलं की सगळ्यांच्या पावत्या अडकायच्या आणि बोलणी मॅडमना. मला हे बघवत नाही. त्यांचा काय दोष?

त्या प्रिंटरच्या मागे लॅनचं, म्हणजे नेटवर्कची केबल लावायचं पोर्ट होतं, कुणी वापरलंच नव्हतं. केबल थेट स्विचमध्ये, म्हणजे सगळे कॉम्प्युटर जिथे जोडलेले असतात त्या डबीत लावली. राउटरमध्ये प्रिंटरचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) राखून ठेवला. हे करायचंच, कारण लाइट जाऊन आली की राउटर कधीकधी नवा पत्ता देतो आणि प्रिंटर नुसता 'ऑफलाइन' दाखवत बसतो. मग प्रत्येक मशीनवर 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट' निवडून तोच पत्ता दिला. विंडोज आपणहून डब्ल्यूएसडी पोर्ट (प्रिंटर स्वतःच शोधून जोडणारं) लावतं, त्याच्या भरवशावर मी राहत नाही.

आता मनापासून राग येतो ती गोष्ट. जुलै २०२१ मध्ये विंडोजच्या प्रिंट स्पूलरमधली, म्हणजे प्रिंटची कामं रांगेत लावणाऱ्या भागातली 'प्रिंटनाइटमेअर' ही मोठी त्रुटी उघड झाली. मायक्रोसॉफ्टने एकामागून एक अपडेट दिले. सप्टेंबरच्या अपडेटनंतर ठिकठिकाणी शेअर केलेले प्रिंटर बंद पडले, '११बी'वर संपणारा एरर यायला लागला. त्यावर आपल्या दुरुस्तीवाल्यांपैकी अनेकांनी काय केलं? अपडेट काढून टाकला, नाहीतर रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जमध्ये) एक शून्य टाकून ती सुरक्षाच बंद केली. प्रिंट निघाली, गिऱ्हाईक खूश, आपण पुढच्या कामाला! अहो, त्या मशीनवर लोकांच्या ठेवींचे हिशेब आहेत. फायरवॉल बंद करून आणि 'एव्हरीवन'ला, म्हणजे कुणालाही, सगळे अधिकार देऊन निघून जाणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं आहे. प्रिंटर थेट नेटवर्कवर असेल, तर शेअरिंगचा हा एरर येतच नाही.

फक्त यूएसबीचाच प्रिंटर असेल, तर शेअरिंग करा. पण दोन्हीकडचे अपडेट पूर्ण ठेवा, विंडोजच्या सेटिंगमध्ये नेटवर्क 'प्रायव्हेट' ठेवा आणि पासवर्ड असलेल्या खात्यानेच जोडा.

आणि निघताना प्रिंटरचा पत्ता कागदावर लिहून त्याच्या बाजूला चिकटवा. उद्या तिथे दुसराच कुणी दुरुस्तीला येईल.